देवचारालाही नियम लागतो

आलेलं पत्र:

"आदरणीय ताई,
मी फोंडा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वय चौतीस. गेली नऊ वर्षं लिहिते आहे. तीन विज्ञानकथा दिवाळी अंकांत आल्या. आता मुलांसाठी एक कादंबरी पुरी केली आहे. आमच्या खाजनातली, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातली मानस (पाणी अडवणारं दार) आणि बांधावरचा राखणदार देवचार यांच्याभोवती ती फिरते. सातवीतली एक मुलगी अमावास्येच्या रात्री मानशीवर जाते, तिला दार उघडं दिसतं, तिथून गोष्ट सुरू होते.

महाराष्ट्रातल्या एका प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून होकार दिला, पण तीन अटी घातल्या. गोव्याचे शब्द काढा आणि गाव पुण्याच्या आसपासचं करा. विज्ञानकथा की परीकथा ते एकदाचं ठरवा, नाहीतर वाचक गोंधळतो. आणि बारा हजार रुपये एकरकमी घेऊन सगळे हक्क कायमचे लिहून द्या. इकडे आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, 'वर्गात विज्ञान शिकवायचं आणि घरी जाऊन देवचाराच्या गोष्टी लिहायच्या, हे बरं नव्हे.' या वाक्याने माझी झोप उडाली आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ लेखन करावं असं फार वाटतं. घरचे पाठीशी आहेत. मी काय करू?
– एक विज्ञानशिक्षिका"

उत्तर:

बाय, तुमच्या पत्रात प्रश्न पाच आहेत, पण झोप उडवली आहे ती एकाने. म्हणून आधी मुख्याध्यापकांचं वाक्य घेते. पैशाचं आणि कराराचं नंतर बोलू, ते त्यामानाने सोपं आहे.

मी सत्तावीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली. दर शनिवारी शेवटच्या तासाला प्राथमिकची मुलं यायची आणि मी त्यांना वाचून दाखवायची. एकदा एका गोष्टीत परी विहिरीत पडते आणि राजपुत्र तिला दोर टाकून वर काढतो, असा प्रसंग होता. तिसरीतला एक मुलगा हात वर न करताच म्हणाला, "तिका पाखां आसात न्ही? मागीर ती उडून कित्याक वचना?" सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते लेखकाकडेच नव्हतं. परी खरी असते का, हे त्या मुलाने विचारलं नाही. परी त्याने मुकाट्याने मान्य केली होती. पंख आहेत म्हटल्यावर उडता आलं पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. लेखकाने स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडला आणि आठ वर्षांच्या पोराने तो पकडला.

आता सांगा, तुमच्या विज्ञानाच्या तासाला याहून वेगळं काय चालतं? एक गोष्ट गृहीत धरायची, त्यातून काय काय निघतं ते बघत जायचं, आणि कुठे विसंगती दिसली की थांबून विचारायचं. विज्ञानकथा हेच करते. चांगली अद्भुतकथाही हेच करते. विज्ञानकथेचं गृहीतक आज ठाऊक असलेल्या विज्ञानाच्या कुंपणाला लागून असतं, अद्भुतकथेचं कुंपणापलीकडे. पण एकदा आत पाऊल टाकल्यावर दोघींची शिस्त एकच. यंत्रमानवाला जसा नियम लागतो तसा देवचारालाही लागतो.

आपल्या लोकांनी तो लावलेलाही आहे. बेताळाला, देवचाराला आपल्याकडे चामड्याच्या वाहाणा वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, म्हणून पुन्हा नव्या वाहायच्या. चालणारा कुणाला दिसत नाही, पण तो चालला असेल तर तळ झिजलाच पाहिजे! हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याला गोष्ट कशी बांधायची ते पुरतं कळत होतं. तुमच्या देवचाराला तुम्ही काय करू देता आणि काय करू देत नाही, याची यादी तुमच्याकडे आहे का? नसेल तर आज रात्री बसून करा. तो पाण्यावरून चालतो का? बांध ओलांडून दुसऱ्या गावात जातो का? त्याला खोटं बोलता येतं का? ही यादी पुस्तकात छापायची नाही, पण ती असल्याचं मुलाला पहिल्या दहा पानांत कळतं.

आणि तुम्ही तर मानस निवडली आहे. याहून चांगली निवड मला सुचली नसती. मी लहानपणी आजोळी मानशीच्या दाराशी तासन्‌तास बसायची. लाकडाचं दार. भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, दार बाहेरच्या बाजूला उघडतं आणि पावसाचं साठलेलं पाणी नदीला मिळतं. ना मोटर, ना वीज. तिकडे आकाशात चंद्र सरकतो आणि इकडे दार हलतं. शेकडो वर्षं आपल्या खाजनांतलं भात या एका युक्तीवर पिकलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीच्या रेषेत येतात, उधाणाची भरती येते, दारावरचा भार वाढतो. तुम्ही नायिकेला नेमकं अमावास्येच्या रात्री तिथे पाठवलंत. मुख्याध्यापकांना ती भुताखेतांची रात्र वाटली असेल. मला उधाणाची रात्र वाटली. तुमच्या कादंबरीत ती दोन्ही असू शकते, आणि तिचा जीव तिथेच आहे.

आणखी एक. मानशीची पावणी, म्हणजे लिलाव, होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. मासळी धरायचा हक्क ज्याने घेतला त्याला खारं पाणी जास्त आत आलेलं हवंच असतं, कारण त्याच्याबरोबर सुंगटं येतात, कुर्ल्या येतात. शेतकऱ्याला तेच पाणी नको असतं, कारण कोरगुटासारखं खारं सोसणारं भातही एका मर्यादेपर्यंतच सोसतं. दार रात्री मुद्दाम उघडं ठेवलं जातं, बांध कुजतो, भांडणं होतात. आता राखणदाराचा राग कशावर असेल ते वेगळं सांगायला नको. लोकांनी शतकानुशतकं त्या बांधावर एक राखणदार उभा केला, कारण बांध फुटला तर अख्खा गाव उपाशी पडला असता. हे कारण सातवीच्या मुलीच्या तोंडून आलं तर ते विज्ञानही असेल आणि गोष्टही.

जयंत नारळीकरांचं उदाहरण मुद्दाम देते, कारण ते मुख्याध्यापकांनाही पटेल. जगभर मान्यता मिळालेला खगोलशास्त्रज्ञ, फलज्योतिषाची संख्याशास्त्राने चाचणी घेणारा, अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर बोलणारा माणूस. त्यांच्या पुस्तकांची नावं बघा: 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासूर'. यक्ष, वामन, भस्मासूर हे शब्द वापरताना त्यांना विज्ञान बुडेल अशी भीती वाटली नाही. मराठी मुलाच्या मनात या शब्दांनी आधीच जागा केलेली असते, आणि त्या जागेत नवी कल्पना चटकन रुजते, हे त्यांना कळलं होतं. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिकत तर तुम्ही टेबलावर चिकटवून ठेवावी अशी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. अक्षर कुणी ओळखू नये म्हणून पत्नीकडून ती लिहून घेतली. तिला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला आपली गोष्ट केवळ गोष्ट म्हणून तपासून घ्यावीशी वाटली. नावामुळे मिळालेला होकार त्यांना नको होता.

तरीही मुख्याध्यापकांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्यांच्या बोलण्यात एक खरी काळजी आहे, आणि तिची परीक्षा तुम्ही स्वतःच्या हस्तलिखितावर घ्यायला हवी. तुमच्या गोष्टीत कुणी शंका विचारली म्हणून त्याला शिक्षा होते का? 'देवचार बिवचार काही नसतं' म्हणणारं पात्र आजारी पडतं, पाण्यात बुडतं, शेवटी नाक घासतं, असं काही आहे का? असेल तर ते काढा. अंगारा लावून कुणाचा ताप उतरत असेल तर तेही काढा. देवचार असण्याने मुलाचं काही बिघडत नाही. विचारणाऱ्याला गोष्टीने गप्प केलं तर मात्र बिघडतं. माझ्या अनुभवात मुलं कल्पना आणि खरं यांत फार क्वचित गोंधळतात. गोंधळ मोठी माणसं घालतात, तोही भीती दाखवून. एवढी तपासणी करून हस्तलिखित सरळ मुख्याध्यापकांच्या हातात द्या. वाद घालू नका. पहिले वाचक त्यांनाच होऊ दे.

आता प्रकाशकांची 'एकच निवडा' ही अट. यावर माझं मत अगदी ठाम आहे: निवडू नका.

अमेरिकेतल्या उर्सुला ले ग्विन यांची कारकीर्द मी वर्षानुवर्षं लक्ष देऊन वाचत आले. जन्म १९२९ चा. तरुणपणी लिहिलेलं पुष्कळसं साभार परत आलं. विज्ञान-अद्भुत कथांच्या मासिकात पहिली कथा आली १९६२ साली, बत्तिसाव्या वर्षी, घरात दोन लहान मुली असताना. दोन वर्षांनी त्यांनी बेटांच्या एका काल्पनिक जगावर दोन छोट्या कथा लिहिल्या. पुढे एका लहानशा प्रकाशनाने किशोरांसाठी काही लिहाल का असं विचारलं, तेव्हा त्या पुन्हा त्याच बेटांकडे वळल्या, आणि १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं. पुढच्याच वर्षी मोठ्यांसाठीची विज्ञान कादंबरी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' आली आणि तिला विज्ञानकथांचे ह्यूगो आणि नेब्युला असे दोन्ही सन्मान मिळाले. एकच बाई, एकच टेबल, लागोपाठची दोन वर्षं. एकीकडे किशोरांसाठी जादूगार, दुसरीकडे मोठ्यांसाठी परग्रह.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा म्हणजे मी नियम नियम का करते आहे ते कळेल. त्या बेटांवर ज्याचं खरं नाव ठाऊक आहे त्याच्यावरच जादू चालते, आणि जादूने एका जागी काही बदललं की जगाचा तोल कुठेतरी ढळतो. फुकट काही मिळत नाही. परग्रहावरच्या कादंबरीत गृहीतक एकच: तिथली माणसं कायमची स्त्री किंवा कायमची पुरुष नाहीत. मग घर कसं असेल, राज्य कसं असेल, मैत्री कशी असेल, ते त्या शेवटपर्यंत चिकाटीने शोधतात. त्यांचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि लोक कसे राहतात हे बारकाईने बघायची सवय दोन्ही पुस्तकांत दिसते. तुमची सवय प्रयोगशाळेतली आहे. तीही दोन्हीकडे चालेल.

त्याच देशातल्या मॅडेलिन लेंगल यांचं 'अ रिंकल इन टाइम' सव्वीस प्रकाशकांनी नाकारलं होतं. हे मुलांसाठी आहे की मोठ्यांसाठी, हेच त्यांना उमजेना. १९६२ मध्ये ते आलं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेत बालसाहित्याचा सर्वांत मोठा मानला जाणारा न्यूबेरी सन्मान मिळाला. गोंधळ वाचकाचा नव्हता.

प्रकाशकांना एक सवलत जरूर द्या. मुखपृष्ठावर 'वय १० ते १४' असं स्वच्छ छापू द्या. आईबापांना आणि ग्रंथपालांना त्याची मदत होते. पण नाव एकच ठेवा. आज तुमचा देवचार वाचणारी पोर सहा वर्षांनी तुमच्या विज्ञानकथा शोधत येणार आहे. तिला रस्ता सापडला पाहिजे.

गोव्याचे शब्द काढा म्हणतात, त्याचं मला वाईट वाटलं. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे फुरसुंगीचा केला. महाराष्ट्रातल्याच काय, आमच्या गोव्यातल्या मुलांनीही फुरसुंगी कधी पाहिली नव्हती. कुणाचं अडलं? उलट ते गाव आम्हाला आपल्या वाड्याइतकं ओळखीचं झालं. मुलाला अनोळखी शब्दाची भीती नसते, त्याची भीती संपादकाला असते. मात्र शब्द आला की लगेच कंसात अर्थ, किंवा शेवटी शब्दसूची, असं करू नका. मुलं शब्दसूची वाचत नाहीत. शब्दाला काम करायला लावा. 'मानस म्हणजे खाजनातलं पाणी अडवणारं दार' असं लिहिण्यापेक्षा 'भरतीचं पाणी मानशीवर आदळलं, दोन्ही फळ्या करकरत मिटल्या आणि आतलं शेत कोरडं राहिलं' असं लिहिलंत, तर साताऱ्याच्या मुलालाही मानस दिसेल. संवादांत कोंकणी किती ठेवायची हा प्रश्न खरा आहे. माझ्या मते देवचाराचं आणि आजीचं बोलणं कोंकणी असू द्या, वाक्यं लहान ठेवा. निवेदन मराठीतच चालू द्या. हे हस्तलिखित मोठ्याने वाचलं की कुठे अडतं ते जिभेलाच कळेल.

जाता जाता एक सांगते. गोवा म्हटलं की आपण लेखक देवचार आणि जागोर या लोकनाट्याकडेच धावतो, मीसुद्धा. पण भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली ती आपल्या मुरगाव बंदरातून. दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोच्या सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथे अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे गाभे गोठवून ठेवलेले असतात. हजारो वर्षांपूर्वीची हवा त्या बर्फात बुडबुड्यांच्या रूपात अडकलेली असते. बाहेर मे महिन्याचा घाम, आत ध्रुवावरचा जुना श्वास! तुमच्या चौथ्या विज्ञानकथेला विषय हवा असेल तर बसने जाण्याच्या अंतरावर आहे.

आता करार. इथे हळवेपणा नको.

बारा हजारांत सगळे हक्क कायमचे देऊ नका. हिशोब साधा आहे. पुस्तकाची किंमत दीडशे रुपये धरा, मानधन विक्री किमतीच्या दहा टक्के धरा. म्हणजे प्रतीमागे पंधरा रुपये. हजार प्रतींची एक आवृत्ती संपली की पंधरा हजार. तुम्हाला जी रक्कम कायमच्या हक्कांसाठी देऊ करत आहेत, ती एका आवृत्तीच्या मानधनाहूनही कमी आहे. आणि मुलांच्या पुस्तकाची गंमत अशी की त्याचा वाचक दर वर्षी नव्याने जन्माला येतो. यंदा अकरा वर्षांचा असलेला पुढच्या वर्षी बारा होईल, पण अकरा वर्षांची नवी मुलं तयार असतातच. चांगलं बालपुस्तक वीस-तीस वर्षं चालतं. या क्षेत्रातली कारकीर्द अशा चालत राहिलेल्या जुन्या पुस्तकांवरच उभी राहते. ते पुस्तकच विकून टाकलंत तर पुढच्या उतारवयात तुमच्या हाती काय राहणार?

हे मी पोळलेल्या हाताने सांगते आहे. तरुणपणी मी मुलांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. छापून येतंय याच आनंदात एका ओळीच्या कागदावर सही केली. पुढे ते कितीदा छापलं गेलं ते मला कळलंही नाही. एकदा जत्रेतल्या पुस्तकांच्या दुकानात नवी आवृत्ती दिसली, चित्रं बदललेली, शेवट बदललेला. मी ती विकत घेऊन घरी आले. आजही ती कपाटात आहे आणि आजही ती उघडवत नाही.

कायदा तुमच्या बाजूला आहे, तो माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं हक्क टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. त्यात कोणता हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती, हे सगळं लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकाने एका वर्षात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास तो तुमच्याकडे परत येतो. आणि तुमच्यासारखीला आवडेल असं एक कलम: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर हक्क त्या माध्यमाला लागू होत नाही. भविष्याची काळजी कायदाही करतो.

तेव्हा प्रकाशकांना नम्रपणे लिहा की मराठी छापील पुस्तकाचे हक्क पाच वर्षांसाठी देते, मानधन दहा टक्के, हिशोब वर्षातून एकदा. अनुवाद, ध्वनिपुस्तक, नाटक, चित्रपट हे सगळं माझ्याकडे राहील. मजकुरात बदल मला दाखवल्याशिवाय होणार नाही. पुस्तक दोन वर्षं बाजारात नसेल तर हक्क परत. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर घाला असंही सांगा. मुलांच्या पुस्तकात चित्रकाराचा वाटा अर्ध्याच्या जवळ जातो, आणि त्याला मानधनातला हिस्सा द्यावा लागला तर कुरकुर करू नका. प्रकाशक ऐकणार नाहीत असं तुम्हाला वाटेल. काही ऐकत नाहीत, पण बरेच ऐकतात. कुणी मागतच नाही म्हणून ते देत नाहीत एवढंच. यांनी नाहीच म्हटलं तर हस्तलिखित परत मागून घ्या. देवचार इतकी शतकं थांबला आहे, आणखी एक वर्ष थांबेल.

नोकरीचं उत्तर वरच्या हिशोबातच आहे. प्रतीमागे पंधरा रुपये. महिन्याला तीस हजार मिळवायचे तर दर महिन्याला दोन हजार प्रती खपायला हव्यात, वर्षाला चोवीस हजार. एका पुस्तकाच्या बळावर मराठीत हे होत नाही. नोकरी सोडू नका. नारळीकरांनी आपल्या कथा संशोधन आणि अध्यापन सांभाळूनच लिहिल्या.

पण केवळ पैशासाठी नको म्हणत नाही. तुम्ही अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांमध्ये रोज सहा तास असता. ती कशाला हसतात, कशाने कंटाळतात, कोणती शिवी नवी आली आहे, घाबरली की काय करतात, हे तुम्हाला फुकट कळतं. मुलांसाठी लिहिणारी पुष्कळ माणसं स्वतःच्या लहानपणाच्या आठवणींवर लिहितात आणि त्यांची मुलं चाळीस वर्षं जुनी निघतात. ही शाळा सोडलीत तर तुमच्या लेखनाचा झरा अर्धा आटेल असं मला वाटतं. त्यापेक्षा वेळ चोरायला शिका. मे महिन्याची सुट्टी आणि गणेशचवथीची सुट्टी घरच्यांना सांगून राखून ठेवा. घरचे पाठीशी आहेत म्हणता ना, मग त्यांच्याकडून रोज सकाळचा एक तास मागा. चहा, डबे, सगळं दुसऱ्या कुणीतरी बघायचं. हे मागताना संकोच वाटेल. मागा.

कादंबरी फिरत असताना छोट्या गोष्टी चालू ठेवा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून मुलांसाठी निघतं, तिथे पाठवा. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेलाही पाठवा, ज्या दारातून नारळीकर आले तेच दार. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे, मराठीसाठीही आहे, रक्कम पन्नास हजार. त्याच्यासाठी लिहायचं नसतं, पण बालसाहित्याला तिथे स्वतंत्र पाट मांडलेला आहे हे ठाऊक असलेलं बरं. पणजीला पाट्ट्यावरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातल्या बालविभागात एखादा दिवस नुसतं बसून या. मुलं कोणतं पुस्तक उचलतात, कोणत्या पानावर परत ठेवतात, ते बघा.

आणि प्रकाशकांना उत्तर पाठवण्याआधी एक काम करा. तुमच्या सातवीला पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवा. लेखिका तुम्ही आहात हे सांगू नका, नाहीतर तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती छान म्हणतील. हातात पेन्सिल ठेवा. जिथे खिडकीबाहेर नजर जाते तिथे खूण. जिथे कुणी मध्येच "पूण..." म्हणतं तिथे मोठी खूण, आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या.

मला स्वतःला एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिलंत की मुलगी मानशीवर जाते तेव्हा तिला दार उघडं दिसतं. अमावास्या, उधाण, बाहेर नदी फुगलेली. मग दार मिटलं का नाही? फळी सडली होती, पावणीवाल्याने पाचर मारली होती, की आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं? सकाळपासून मी याच विचारात आहे. पुढच्या पत्रात तेवढं कळवा.